कोपरा नसलेला पडदा

धाकटीने शिवलेल्या पडद्यातून उजेडाचा कणसुद्धा आत येत नसे. ह्याचा तिला इतका अभिमान होता, की गिऱ्हाईक दुकानात आलं की ती त्याला खुर्चीवर बसवायची, नमुन्याचा पडदा त्याच्या डोक्यावरून सोडायची आणि विचारायची, दिसतंय का काही? आतून दबका आवाज यायचा, नाही म्हणून. मग ती पडदा उचलायची आणि गिऱ्हाईक झोपेतून उठल्यासारखं डोळे मिचकावत तिच्याकडे बघत राहायचं. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच गार व्हायची. उरलेल्यांना तिचा नवरा पटवायचा. तो पडद्यांचे रॉड बसवायचा आणि बोलण्यात कुणाला हार जायचा नाही.

आसपासच्या चार रस्त्यांवर तिला पडदेवाली म्हणत. घरात ती धाकटी, कारण घरात थोरली होती. आणि हा सगळा धंदा थोरलीपासून सुरू झाला होता, हे धाकटी कुणाला सांगत नसली तरी विसरलीही नव्हती.

आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा धाकटी शाळेत होती आणि थोरली नुकतीच नर्स झाली होती. थोरलीने कायमची रात्रपाळी मागून घेतली. लोक रात्रपाळी चुकवायला काय काय बहाणे करतात आणि हिने ती मागून घेतली, म्हणून वॉर्डात सगळ्यांना नवल वाटलं. तिचा हिशोब साधा होता. धाकटी शाळेत जाताना आणि शाळेतून येताना घरात कुणीतरी हवं. सकाळी थोरली सुजलेल्या पायांनी घरी यायची, धाकटीची वेणी घालायची, डबा द्यायची आणि मग आडवी व्हायची. खिडकी पूर्वेची, ऊन थेट तोंडावर. एका सुट्टीच्या दिवशी धाकटीने पाहिलं, ताई डोळ्यांवर हात आडवा टाकून झोपली आहे. पोरीचा जीव कळवळला. दुसऱ्या दिवशी तिने स्टुलावर चढून दोन चादरी एकावर एक धरल्या आणि खिडकीच्या चौकटीला चारी बाजूंनी पिना टोचून बसवल्या.

"ताई, बघ," ती म्हणाली, "तुझ्यासाठी रात्र केली."

थोरलीने त्या चादरींकडे बराच वेळ पाहिलं, पोरीला जवळ ओढून घेतलं आणि अंधारात पडून राहिली. धाकटी चवड्यांवर चालत खोलीबाहेर गेली. तेव्हापासून त्या घरात दिवसा सगळे चवड्यांवरच चालत. पुढे धाकटीचं लग्न झालं, नवरा ह्याच घरात राहायला आला. चांगला धिप्पाड माणूस, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की त्याचंही मांजर व्हायचं. चादरींच्या जागी घोंगडी आली, घोंगडीच्या जागी पहिला शिवलेला पडदा आला, मग अस्तर लावलेला, मग दुहेरी अस्तराचा. दरवेळी धाकटी आत उभी राहून चारी कडा तपासायची. कुठे फट दिसली की उसवून पुन्हा शिवायची. थोरली आयुष्यभर दिवसा झोपली आणि धाकटीने आयुष्यभर तिच्यासाठी रात्र शिवली. ह्याहून मोठं प्रेम कुणी कुणावर करू शकतं, असं धाकटीला खरंच वाटत नव्हतं.

थोरली निवृत्त झाली त्या दिवशी वॉर्डातल्या मंडळींनी तिला एक पीस लिली दिली. पांढऱ्या कुंडीत हिरवीगार पानं आणि त्यांच्या वर मान काढून उभी तीन पांढरी फुलं. फुलं कसली, एकेक पांढरी पाकळी ओंजळीसारखी उभी आणि तिच्या मध्ये मक्याच्या कणसासारखा इवलासा दांडा. थोरलीने कुंडी उशाशी स्टुलावर ठेवली. धाकटीची भेट म्हणजे अर्थातच पडदा. हा तिने कधी नव्हे इतका मन लावून शिवला होता. पुढे सायीच्या रंगाचं पातळ कापड, मध्ये काळ्या कापडाचे पट्टे एकमेकांना जोडून केलेला थर, मागे जाड अस्तर, आणि कडांना चिकटपट्टी, म्हणजे तो भिंतीला अगदी डसून बसे. आता हवं तेवढं झोप, ती म्हणाली. थोरलीने पडद्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, किती केलंस गं.

आणि थोरली झोपली.

सुरुवातीला घरात आनंदीआनंद होता. इतक्या वर्षांची झोप साठली असणार, निघू दे सगळी बाहेर, असं धाकटी नवऱ्याला सांगायची. पण ती झोप संपेना. पूर्वी थोरली संध्याकाळी उठून आवरायची, धाकटीच्या हातचा चहा पिऊन त्याला नावं ठेवायची आणि ड्यूटीवर जायची. आता ड्यूटी नव्हती. ती दिवेलागणीला उठायची, दोन घास खायची आणि पुन्हा जाऊन पडायची. कधी अर्धवट झोपेत विचारायची, कोपऱ्यातल्या आजोबांचं सलाईन संपलं का बघितलंस? धाकटी म्हणायची, बघितलं, लावलं दुसरं. मग थोरलीचा श्वास संथ व्हायचा. त्या खोलीत वेळ कुठे जायचाच नाही. पाण्यात साखर विरघळावी तसे दिवस तिथे विरघळत होते. दार उघडून आत गेलं की आपणही हलकेच तरंगायला लागतो, असं धाकटीला वाटायचं, आणि बाहेर आल्यावर आपण कशासाठी आत गेलो होतो तेच आठवायचं नाही.

लिलीची फुलं आधी हिरवट झाली, मग तपकिरी. धाकटीने ती कापून टाकली. नवी आली नाहीत.

डॉक्टर घरी येऊन गेले. रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं ठाकठीक निघालं. झोपतात म्हणजे फारच झोपतात, एवढं मात्र त्यांनी सांगितलं, जसं काही ते घरच्यांना माहीतच नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी थोरलीने डोळे उघडून विचारलं, सकाळ आहे का संध्याकाळ? आणि उत्तराची वाट न बघता कूस बदलली. धाकटीला तेव्हा उमगलं. ताई आजारी नव्हती. ताई हळूहळू चालली होती, आणि तेही कुणाला आवाज न होऊ देता, चवड्यांवर.

"ताई, ऊठ ना गं," ती म्हणाली. "बाहेर येऊन बस. माझ्या चहाला नावं ठेव."

थोरलीने हात लांब करून लिलीचं एक पान चाचपलं. "ही फुलली की बघू," ती म्हणाली आणि झोपली.

बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य. पण धाकटीने ते पदराला गाठ मारून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून तिने लिलीचा पिच्छा पुरवला. सकाळी दुकान उघडण्याआधी पाणी, दुपारी जेवायला आली की पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. कुंडी अपुरी पडत असेल म्हणून तिप्पट मोठी कुंडी आणली. खत घातलं. आठवड्याने वाटलं, आपलाच हात आखडला असेल, म्हणून आणखी घातलं. पानं ओल्या फडक्याने पुसली. नवऱ्याने त्या रोपाला पाहुणी म्हणायला सुरुवात केली, कारण घरात इतकी सरबराई त्याची स्वतःची कधी झाली नव्हती. तो दारातून कुजबुजून विचारायचा, पाहुणीने काही मनावर घेतलं का? पाहुणी मख्ख. पानं लांब लांब आणि लेचीपेची झाली, टोकं करपली आणि सगळी एका बाजूला, दाराकडे कलली. फुलाचं नाव नाही.

शेवटी तिने एक पान तोडून पिशवीत घातलं आणि नर्सरी गाठली. नर्सरीवाला जाडजूड चष्म्याचा, गप्पिष्ट माणूस. पान बघायच्या आधी त्याने तिला स्वतःच्या गुडघेदुखीची सगळी हकीगत ऐकवली, मग एक फुललेली नवी लिली विकायचा प्रयत्न केला. धाकटी बधली नाही, तिला तीच फुलायला हवी होती. तेव्हा कुठे त्याने पान उन्हात धरलं. लाड फार झालेत, तो म्हणाला. मोठ्या कुंडीत हिची मुळं नुसती हिंडत बसतात, तिला जरा दाटीवाटी लागते. खताने पोट भरतं, फूल येत नाही. पाणी द्या, पण माती वरून सुकल्यावर. दुकानात आलेली पहिली फुलं बहुतेक वेळा औषध मारून आणलेली असतात. पुढची तिची तिला आणावी लागतात. मग त्याने विचारलं, ठेवता कुठे?

धाकटीने सांगितलं, ताईच्या खोलीत.

"उजेड किती येतो तिथे?"

"कणभरसुद्धा नाही," धाकटी म्हणाली, आणि सवयीने तिची मान ताठ झाली.

नर्सरीवाल्याने चष्मा काढून पुसला. त्याला बहुधा वाटलं, बाई थट्टा करतेय. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, की सावलीत ती तग धरते, लोक त्यालाच भुलतात. तग धरणं निराळं आणि फुलणं निराळं. कडक ऊन नको, पण पातळ पडद्याआडून भरपूर उजेड पाहिजे. दिवस उगवला हेच जिला कळत नाही, ती फुलणार कशाच्या जोरावर?

धाकटी तडक घरी आली. तिने लिली पुन्हा लहान कुंडीत बसवली आणि थोरली झोपेत असताना उचलून गॅलरीत नेली. तेवढ्याने भागत असेल तर बरं, असा तिचा हिशोब होता. पण अंधारातून एकदम उघड्यावर आलेलं ते रोप. दुपारच्या उन्हाने दोन पानांवर फोड आल्यासारखे पांढरट चट्टे उठले. आणि त्याहून वाईट म्हणजे आतून हाक आली. थोरली भर दुपारी बिछान्यात उठून बसली होती आणि रिकाम्या स्टुलावर हात फिरवत होती.

"ती कुठे गेली?" तिने विचारलं. आवाज अगदी लहान मुलासारखा होता. "ती हाताला लागते म्हणून कळतं गं, मी इथे आहे."

धाकटीने धावत जाऊन कुंडी आणली. थोरलीने पानं चाचपली, भाजलेल्या चट्ट्यांवर तिची बोटं थांबली, आणि ती पुन्हा आडवी झाली.

म्हणजे रोप उजेडात न्यायचं नाही. मग उजेडच रोपापाशी आणायचा, दुसरी वाट नव्हती. पण मध्ये पडदा होता. धाकटी दाराशी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. साधा दोरी ओढून सरकवायचा पडदा नव्हता तो. तिनेच तो कडांना असा डसवला होता की उचकटला तर घरभर चर्रकन आवाज व्हावा, आणि उघडला तर सकाळचं सगळं ऊन ताईच्या आणि लिलीच्या तोंडावर आदळावं. आणि मुख्य म्हणजे, ताईच्या झोपेत उजेड सोडायचा? मी? आयुष्यात तिने एवढं एकच काम नीट केलं होतं आणि आता तेच उसवायचं होतं.

दुपारी थोरलीचा श्वास संथ झाला, तशी ती टाके उसवायची छोटी कातर घेऊन खिडकीखाली जमिनीवर बसली. मागचं अस्तर आणि मधला काळा थर, एवढंच काढायचं. पुढचं सायीच्या रंगाचं कापड राहू द्यायचं. तेही एका दमात नाही. एका वेळी काळ्या थराचा एक पट्टा आणि त्यामागचं तेवढंच अस्तर. खालच्या कडेतून हात मागे सारून तिने बोटांनी शिवण शोधली. दिसत काहीच नव्हतं, पण हा टाका तिचा होता, तिला तो बघावा लागत नव्हता. टच्, टच्, एकेक टाका तुटत गेला. आपण स्वप्नात शिवतोय आणि मशीन उलटी चालतेय, असं तिला वाटायला लागलं. कापड मांडीवर गोळा होत होतं. आणि मग तळाशी, जमिनीपासून वीतभर, उजेड आला. पातळ, गव्हाळ, दुधात हळद पडल्यासारखा. तो हळूच फरशीवर उतरला, ताईच्या चपलांपर्यंत आला, स्टुलाच्या पायाला टेकला आणि तिथेच थांबला. धाकटीने श्वास रोखून मागे पाहिलं. थोरली हलली नाही. तिचा चेहरा उशीच्या सावलीत होता.

असं रोज दुपारी. दुकानाला दुपारची सुट्टी जरा लांबू लागली आणि नवरा गिऱ्हाइकांना काहीबाही सांगून वेळ मारून नेऊ लागला. रोज एक पट्टा निघायचा आणि उजेड पलंगावर आणखी थोडा वर चढायचा. आधी पायांवर आला. मग पांघरुणावर पडलेल्या हातावर, आणि त्या हातावरच्या निळ्या शिरा धाकटीला कितीतरी दिवसांनी दिसल्या. लिलीची पानं हळूहळू दाराकडून वळली. रात्रीतून कुणी त्यांची हनुवटी धरून खिडकीकडे फिरवावी तसं. मग एक दिवस धाकटी आत आली तर थोरलीही खिडकीकडे कूस करून झोपली होती. त्याआधी ती कायम भिंतीकडे तोंड करायची. धाकटीने ते पाहिलं आणि तिला वाटलं, बापरे, उजेडाने हिची झोप चाळवतेय. तरी हात थांबवला नाही. हाताने आपलं ऐकायचं बंद केलं होतं.

शेवटचा पट्टा निघाला तेव्हा खोली ताकाच्या रंगाची झाली. धूळ तरंगत होती आणि तीही सुरेख दिसत होती. त्यानंतर घरात लहानसहान गोष्टी घडू लागल्या. स्टुलाची जागा बदललेली असायची. पाण्याचा तांब्या अर्धा झालेला असायचा आणि कुंडीतली माती ओली. एकदा उशीवर थोरली नव्हती, ती खुर्चीत बसून लिलीच्या करपलेल्या टोकांना कात्रीने आकार देत होती. नर्सचे हात ते, ड्रेसिंग करावं तसे चालत होते. धाकटी दारातूनच मागे फिरली. उगाच बोललं तर स्वप्न मोडायचं.

ऋतू पालटला. एका सकाळी थोरलीने हाक मारली. पुकारा केल्यासारखी नव्हे, अगदी साधी, मीठ मागावं तशी. धाकटी पळत आली. पानांच्या मधोमध एक गुंडाळी वर आली होती. नवं पानच असावं असं वाटणारी, पण फिकट, टोकाला जवळजवळ पांढरी. दोघी तिच्याकडे बघत बसल्या. दुकान उघडायला उशीर झाला, होऊ दिला. त्यानंतर ती गुंडाळी सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखी उलगडत गेली, आणि एका सकाळी फूल पूर्ण उभं होतं, सायीच्या रंगाच्या पडद्यापुढे पांढरंशुभ्र. औषधाचं नव्हे, तिचं तिने आणलेलं.

थोरली खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, डोळे जागे. धाकटीला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. मग नाक पुसून तिने इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला.

"ताई, मी पडदा उसवला. तुला झोप लागते का अशी उजेडात?"

थोरलीने फुलाच्या पाकळीला बोट लावलं. मग म्हणाली, "मला उजेडातच लागते. पहिल्यापासून."

धाकटीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"अंधारात मला वॉर्ड दिसतो," थोरली म्हणाली. "रात्रभर जो बघून आले तोच. तोंडावर ऊन आलं की कळायचं, सुटले, घरी आले. तू चादरी लावल्यास ना, तुला शाळेत धाडलं की मी एक पिन काढायचे आणि कोपरा दुमडायचे. तेवढ्या उजेडात झोपायचे. तू यायच्या आधी उठून पुन्हा पिन लावायचे."

"आणि मग?"

"मग तू हुशार झालीस. तुझ्या पडद्यांना कोपराच राहिला नाही."

हे ती हसून म्हणाली, आणि ते हसणंच धाकटीला सोसेना. इतकी वर्षं. तिने प्रत्येक फट शोधून शोधून बुजवली होती. तिच्या डोळ्यांसमोर ते सगळे पडदे एकामागून एक सरकले आणि प्रत्येकाच्या मागे ताई डोळे उघडे ठेवून पडलेली दिसली. का नाही सांगितलंस, तिने विचारलं.

"स्टुलावर चढून रात्र केली होतीस तू माझ्यासाठी," थोरली म्हणाली. "एवढीशी होतीस. काय सांगणार होते मी? नोकरी होती तोवर थकून यायचे, लागायची कशीबशी. ती सुटल्यावर उठायला काही कारण राहिलं नाही. अंधार तयार होता, मी पडले."

धाकटी तिच्या पायाशी बसली आणि तिने ताईच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोरलीने तिच्या केसांतून हात फिरवला, वेणी घालायला घ्यावी तसे केस तीन भागांत केले आणि पुन्हा सोडून दिले. खिडकीतला उजेड दोघींवर सारखाच पडला होता. दिवाणखान्यात नवरा ताटकळत उभा होता, पण आत यायची त्याची छाती होत नव्हती.

बऱ्याच वेळाने थोरलीने चहा मागितला. कालच्यासारखा पाणचट नको, असंही वर म्हणाली. धाकटी डोळे पुसत उठली आणि दाराकडे निघाली, नेहमीसारखी, पायांचा आवाज होणार नाही अशी.

"टाचा टेकव," थोरली मागून म्हणाली. "तू घरात आहेस हे मला ऐकू येऊ दे."

धाकटी जागच्या जागी थांबली. मग तिने टाचा टेकवल्या आणि धप् धप् पावलं वाजवत चहा करायला गेली.